ऑनलाइन कॉम्प्युटर घेताना कूपन कुठे शोधायचं आणि कुठे अजिबात नाही

मागचा लॅपटॉप घेतला तेव्हा मी रात्री साडेअकराला बसले ती दोन वाजेपर्यंत नुसते कोड टाकत होते, पंचवीसेक तरी टाकले असतील, प्रत्येक वेळी तेच लाल अक्षरात 'हा कोड वैध नाही', आणि शेवटी एक चालला, पाच टक्क्यांचा. इतका आनंद झाला की तिथल्या तिथे ऑर्डर करून टाकली. दोन दिवसांनी सहज बघितलं तर अगदी तोच मॉडेल नंबर बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवर कुठलाही कोड न टाकता त्याहून स्वस्त. म्हणजे मी अडीच तास जागून जास्त पैसे देण्याचं कूपन शोधलं होतं.

त्यानंतर घरच्यांसाठी, मैत्रिणींसाठी, ऑफिसातल्या दोघातिघांसाठी मशिनं शोधून दिली आणि हळूहळू एक गोष्ट कळली की कूपन हे सगळ्यात शेवटचं काम आहे. आधी मशीन ठरवायचं, मग त्याचा खरा भाव काढायचा, मग कूपन. आपण बरोब्बर उलटं करतो, पंचवीस टक्क्यांचं कूपन दिसलं की त्यावर काय बसतंय ते बघतो.

तर आधी मॉडेल नंबर. लॅपटॉपचं नुसतं नाव काही कामाचं नाही, एकाच नावाखाली दहा-बारा वेगवेगळ्या मशिनी विकल्या जातात. पेजच्या तळाशी स्पेसिफिकेशनमध्ये अक्षरं-आकडे असलेला लांबलचक पार्ट नंबर असतो, तो कॉपी करून ठेवा, पुढचं सगळं शोधणं त्याच नंबराने करायचं. कधीकधी मोठी दुकानं स्वतःसाठी थोडी वेगळी आवृत्ती बनवून घेतात, रॅम तेवढीच पण स्क्रीन डिम, किंवा कीबोर्डला लाइट नाही, त्यामुळे नंबरात शेवटची दोन अक्षरं वेगळी येतात आणि 'दुसरीकडे स्वस्त मिळालं तर फरक परत' वाली स्कीम तिथे लागूच होत नाही.

आणि मोठी सूट कशावर असते हे नीट बघा. प्रोसेसरच्या नावात तर फार घोळ आहेत. एएमडीचे ७००० सिरीजचे लॅपटॉप प्रोसेसर घ्या, रायझन ५ ७५२०यू, रायझन ५ ७५३०यू आणि रायझन ५ ७६४०यू, वाचायला तिन्ही भावंडं वाटतात ना? त्यात तिसरा आकडा बघायचा असतो. झेन हे एएमडीच्या प्रोसेसरच्या आतल्या डिझाइनचं नाव, २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. झेन २ हे डिझाइन २०१९ चं आहे. म्हणजे नवीन नंबराच्या आत जुना माल, आणि घसघशीत कूपन बऱ्याचदा नेमकं त्यावरच. गेमिंग लॅपटॉपमध्येही तसंच, आरटीएक्स ४०६० असं एकच नाव पण ते ग्राफिक्स कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवलेलं असू शकतं, आणि कमी वॅटवालं कार्ड बरंच हळू चालतं. हे वॅट जाहिरातीत लिहिलेले नसतात, स्पेसिफिकेशनच्या बारीक अक्षरात शोधावे लागतात. शिवाय रॅम बोर्डाला सोल्डर केलेली आहे का हे बघा, असली आणि वेगळा रिकामा स्लॉट नसला तर नंतर वाढवता येत नाही, आठ जीबी घेतलं की आठ जीबीच. स्टोरेजच्या जागी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा बरंच हळू, स्वस्तातलं स्टोरेज) लिहिलेलं असेल तर कूपन कितीही गोड असो, सोडून द्या.

मशीन ठरलं की भावाचा इतिहास. ॲमेझॉनवर असेल तर कीपा किंवा कॅमलकॅमलकॅमल (हो, खरंच असंच नाव आहे, तीन उंट एकामागे एक) या साइटवर त्या वस्तूची लिंक पेस्ट केली की मागचे कित्येक महिने भाव कसा वरखाली झाला त्याचा ग्राफ येतो. डेस्कटॉप असेंबल करणार असाल तर पीसीपार्टपिकरवर एकेक पार्टचा असाच ग्राफ मिळतो, आणि कुठला पार्ट कुठल्याशी जुळत नाही तेही सांगतं. ग्राफ एकदा बघितलात की अर्ध्या ऑफरी गळून पडतात. सेलच्या तीन आठवडे आधी भाव वर चढतो आणि सेलच्या दिवशी 'तीस टक्के सूट' लागून जिथे होता तिथेच परत येतो, हा प्रकार इतका बोकाळला होता की युरोपियन युनियनने कायदाच केला, २८ मे २०२२ पासून तिकडे सूट दाखवताना जी जुनी किंमत खोडून दाखवता ती निदान मागच्या ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत असली पाहिजे असा नियम आहे. बाकी ठिकाणी हा हिशोब आपला आपणच करायचा. खोडलेली किंमत वाचायचीच नाही, ती नाहीच असं समजायचं.

मी काय करते, एका कागदावर तीन आकडे लिहिते. गेल्या तीन महिन्यांतला सगळ्यात कमी भाव, आजचा कूपनशिवायचा भाव, आणि ज्या भावाला मी डोळे मिटून घेईन तो भाव. कूपन लागल्यावर शेवटचा आकडा तिसऱ्याच्या खाली गेला तर घेते, नाही तर कीपावर अलर्ट लावून गप्प बसते. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे.

आता कूपनकडे येऊ.

गूगलवर 'अमुक कंपनी कूपन कोड' टाकलं की वर ज्या साइट येतात ना, शंभर कोड, 'आज तपासलेला', 'एवढ्या लोकांनी वापरला', त्यातले बहुतेक कोड मेलेले का असतात हे एकदा समजून घ्या म्हणजे रात्र वाया जात नाही. तिथे कोड अर्धा झाकलेला असतो, 'कोड बघा' दाबलं की दुकानाची साइट उघडते. त्या एका क्लिकमध्ये तुमच्या ब्राउझरात एक कुकी बसते, की या गिऱ्हाइकाला अमक्या साइटने पाठवलं. पुढे ठरावीक वेळेत तुम्ही काहीही घेतलं की दुकान त्या साइटला कमिशन देतं. ॲमेझॉनने आपल्याकडे हे १९९६ मध्ये सुरू केलं, त्यांच्याकडे ती खूण साधारण २४ तास धरतात, दुसरीकडे कुठे आठवडे कुठे महिना. आता मुद्दा असा की कमिशन क्लिकवर आहे, कोड चालण्यावर नाही. कोड मेलेला असला तरी तुम्ही वैतागून पूर्ण भावात घेतलंत तर त्यांचे पैसे आलेच. मग त्यांनी मेलेले कोड कशाला काढावेत? उलट जेवढे जास्त कोड तेवढी जास्त क्लिकं.

ब्राउझरला जोडायच्या एक्स्टेन्शन नावाच्या छोट्या प्रोग्रामांचंही तेच, फक्त जरा सफाईदार. चेकआउटला आलं की ते आपणहून पंधरा-वीस कोड टाकून बघतं, आपले कष्ट वाचतात, हे खरं आहे. पण तेव्हाच ते शेवटची क्लिक स्वतःच्या नावावर लावून घेतं, आणि कमिशन सहसा शेवटच्या क्लिकलाच मिळतं. हनी नावाचं एक्स्टेन्शन यात सगळ्यात गाजलेलं, पेपॅलने जवळजवळ ४ अब्ज डॉलरला विकत घेतलं, जानेवारी २०२० मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. कूपन फुकट शोधून देणाऱ्या गोष्टीला एवढी किंमत का आली असेल याचा विचार तेव्हाच करायला हवा होता. डिसेंबर २०२४ मध्ये एका यूट्यूबरने आरोप केले की ज्या यूट्यूबरच्या लिंकवरून तुम्ही आलात त्याचं कमिशन हनी स्वतःकडे वळवतं, आणि ज्या दुकानांशी करार आहे तिथले जास्त सूट देणारे कोड गिऱ्हाइकाला दाखवतच नाही. त्यावरून कोर्टात दावेही दाखल झाले. मग मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनांसाठी नियम कडक केले की वापरणाऱ्याला खरोखर काही फायदा मिळत नसेल तर अशी कमिशनची खूण घुसवायची नाही.

माझं मत विचाराल तर एक्स्टेन्शन खरेदीच्या दिवशी लावा, चेकआउटला एकदा फिरवा, लागला कोड तर लागला, आणि काम झालं की काढून टाका. कायमचं ठेवू नका, कारण बसवताना ते 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागतं, आणि त्या सर्व वेबसाइटमध्ये तुमची बँकही आली.

मग चालणारी कूपनं असतात कुठे? दुकानाच्या घरातच. म्हणजे दिव्याखाली अंधार.

पहिली जागा प्रॉडक्टच्या पेजवरच. ॲमेझॉनवर किमतीखाली एक छोटा चौकोन असतो, टिक केलं तर कूपन लागतं, नाही केलं तर पूर्ण पैसे. सूट लगेच दिसत नाही, चेकआउटला गेल्यावर दिसते, म्हणून लोक त्याकडे बघतच नाहीत. लेनोवोच्या साइटवर तर कूपनचा कोड बऱ्याचदा किमतीच्या शेजारीच छापलेला असतो, पुष्कळदा कार्टमध्ये आपोआप लागलेलाही असतो, तेव्हा तो जणू आपल्या नशिबाने मिळाला असं समजू नका, तो सगळ्यांनाच आहे, तोच तिथला नेहमीचा भाव. पण एक करा, तो काढून दुसरा कोड टाकून बघा, कारण बहुतेक ठिकाणी एका वेळी एकच कोड बसतो आणि आपोआप लागलेला सगळ्यात चांगला असेलच असं नाही. द्यायचा आकडा वाढला तर पहिला परत टाका. कोड कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय काढू मात्र नका, हे मी अनुभवाने सांगतेय.

दुसरी जागा तुमचा ईमेल. नवीन गिऱ्हाइकाने न्यूजलेटरला नाव दिलं की स्वागताचं कूपन येतं, हा कोड बऱ्याचदा फक्त तुमच्यासाठी बनवलेला असतो, एकदाच चालतो, म्हणूनच तो कूपनच्या साइटवर सहसा सापडत नाही. जाहिरातींचा पूर नको असेल तर जीमेलमध्ये आपल्या पत्त्यात नावानंतर अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द टाकता येतो, मेल आपल्याच इनबॉक्सला येतात, पुढे त्या शब्दावर फिल्टर लावून एकगठ्ठा बाजूला टाकता येतात. मात्र याच युक्तीने दहा खोटी खाती काढून दहा वेळा 'नवीन गिऱ्हाईक' व्हायला जाऊ नका, पत्ता आणि कार्ड एकच दिसलं की दुकान ऑर्डर रद्द करतं आणि पैसे परत यायला आठवडा जातो, तोवर सेल संपलेला.

तिसरी युक्ती मला फार आवडते, कारण त्यात काहीच करायचं नसतं. लॉगिन करायचं, मशीन कार्टमध्ये टाकायचं, पत्त्यापर्यंत जायचं आणि टॅब बंद करून झोपायचं. दुकानाला दिसतं की गिऱ्हाईक दारातून परत गेलं. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'तुम्ही काही विसरलात' असा मेल येतो, कधी नुसती आठवण, कधी सोबत कोड. लॉगिन केलेलं नसेल तर मेल येणार कुठून, तेवढं विसरू नका. आणि शेवटचे एकदोन पीस उरलेल्या मशीनवर हा खेळ खेळू नका. एकदा मी असंच तीन दिवस मेलची वाट बघत बसले, मेल आला, कोडही आला, आणि मशीन आउट ऑफ स्टॉक.

चॅट. साइटच्या कोपऱ्यात जो चॅटचा गोल असतो तिथे सरळ विचारा, 'हा मॉडेल नंबर कार्टमध्ये आहे, आज घ्यायचाय, यावर अजून काही कोड लागतो का?' सुरुवातीला रोबोट बोलतो, त्याला माणूस द्या म्हणायचं. बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर हे जास्त चालतं, दोन-तीन मशिनी एकदम घेत असाल तर आणखी. लाजायचं कशाला, दुकानात उभं राहून आपण भाव करतोच की. एखाद्याकडून 'नाही' असं उत्तर आलं तर नम्रपणे धन्यवाद म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला विचारायचं.

विद्यार्थी, शिक्षक असाल किंवा घरात कोणी असेल तर त्या नावाने बघायच्या आधी बाकी काही बघूच नका. ॲपलच्या साइटवर कूपन टाकायचे खेळ जवळपास नसतातच, पण शिक्षणासाठी वेगळं स्टोअर आहे, आणि तिथे भाव सरळ कमी. डेल, एचपी, लेनोवो यांचीही विद्यार्थ्यांसाठी वेगळी पानं असतात. ओळख पटवायला कॉलेजचा ईमेल लागतो किंवा युनिडेज, स्टुडंट बीन्ससारख्या सेवेतून पडताळणी होते. नोकरी करत असाल तर ऑफिसच्या एचआरला विचारा, मोठ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर बनवणाऱ्यांशी करार असतात, कर्मचाऱ्यांसाठी वेगळी लिंक असते आणि वर्षानुवर्षं ती कोणी उघडलेलीही नसते. स्वतःचा छोटा व्यवसाय असेल तर कंपनीच्या साइटवर 'स्मॉल बिझनेस' विभागात तेच किंवा जवळचं मॉडेल बघा, भाव वेगळा निघतो.

एखाद्या यूट्यूबरने त्या लॅपटॉपचा रिव्ह्यू केला असेल तर व्हिडिओखालच्या माहितीत कोड असतो, तो बहुधा खरा असतो कारण त्याच्यामुळे किती विक्री झाली ते मोजायलाच दुकानाने त्याला तो दिलेला असतो. आणि स्लिकडील्स किंवा हॉटयूकेडील्स अशा साइट, जिथे माणसं स्वतः सापडलेल्या ऑफरी टाकतात, त्यांचा उपयोग कूपनच्या साइटपेक्षा कितीतरी जास्त, कारण खाली लगेच कोणीतरी लिहितं 'माझ्याकडे चालला', 'आता बंद पडला', 'यापेक्षा गेल्या महिन्यात स्वस्त होता'. आधी अशा टिप्पण्या वाचायच्या, ऑफर नंतर. तारीख मात्र बघा, दीड वर्षापूर्वीच्या ऑफरवर हळहळण्यात अर्थ नाही.

कोड मिळाला आणि लागत नसेल तर लगेच खोटा म्हणू नका. कॉपी करताना शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते, ती काढा. शून्य आणि इंग्रजी ओ यात गल्लत होते. लॉगिन आधी करा, कारण 'फक्त नवीन ग्राहक' किंवा 'फक्त सभासद' हे दुकानाला तेव्हाच कळतं. काही कोड फक्त ॲपमध्ये चालतात. काही आधीच सूट असलेल्या वस्तूवर चालत नाहीत, आणि अटींत बघितलं तर ॲपलची उत्पादनं, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर असं बरंच काही वगळलेलं असतं. कार्टमध्ये माउस, बॅग असं काही सोबत असेल तर ते काढून एकट्या लॅपटॉपवर लावून बघा. याच्या उलटही होतं, ठरावीक रकमेच्या वर गेल्याशिवाय कोड लागत नाही आणि थोडंसं कमी पडत असतं, तेव्हा खरंच लागणारी एखादी छोटी वस्तू टाकायची. लागणारी. नाही तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

थोडं गणित. वीस टक्के आणि त्यावर दहा टक्के म्हणजे तीस नाही. शंभराचे ऐंशी झाले, ऐंशीचे दहा टक्के आठ, राहिले बहात्तर, म्हणजे सूट अठ्ठावीस टक्के. एक कूपन टक्क्यांचं आणि एक ठोक रकमेचं असेल तर क्रमाने फरक पडतो, शंभरावर आधी वीस टक्के मग दहा वजा केले तर सत्तर, आधी दहा वजा करून मग वीस टक्के केले तर बहात्तर. क्रम दुकान ठरवतं पण कुठे निवडता आला तर टक्के आधी. आणि 'दहा टक्के' च्या शेजारी बारीक अक्षरात 'कमाल इतकी रक्कम' लिहिलेलं असतं का बघा, कॉम्प्युटरसारख्या महागड्या वस्तूवर ती मर्यादा लगेच भरते आणि दहा टक्क्यांचे हातात तीन-चार टक्केच येतात. टॅक्स आणि डिलिव्हरी धरून जो शेवटचा आकडा येतो, पैसे द्यायच्या बटणावरचा, फक्त त्याचीच एकमेकांशी तुलना करायची. कॅशबॅक त्यात धरू नका, तो येईल तेव्हा येईल, वस्तू परत केली तर जाईलही.

कंपनीच्या साइटवर रॅम, एसएसडी वाढवून घ्यायची सोय असते तिथे एक डोळा ठेवा. त्या वाढीव पार्टचे भाव बाजारापेक्षा बरेच चढे असतात, आणि कूपन पूर्ण रकमेवर लागल्याने सूट मोठी दिसते. मशीन उघडता येत असेल आणि स्लॉट रिकामा असेल तर साधं मॉडेल घेऊन पार्ट बाहेरून घेतलेला पुष्कळदा परवडतो. पुष्कळदा म्हणतेय, नेहमी नाही, कारण २०२५ च्या शेवटी एआयच्या सर्व्हरांनी रॅम उचलली आणि सुट्या रॅमचे भाव असे भडकले की हा हिशोब उलटाच पडायला लागला. त्या दिवशीचा भाव बघून ठरवा.

कधी घ्यायचं, यावर लोक फार चर्चा करतात. नोव्हेंबरातला ब्लॅक फ्रायडे, ११ नोव्हेंबरचा सिंगल्स डे, ॲमेझॉनचा प्राइम डे हे आहेतच, पण माझा कल नव्या मशिनी जाहीर होतात त्या वेळेकडे जास्त. जानेवारीत लास व्हेगासला सीईएस आणि मे-जूनच्या सुमारास तैपेईला कॉम्प्युटेक्स ही मोठी प्रदर्शनं भरतात, इथे नव्या पिढीचे लॅपटॉप दाखवतात, ते दुकानात यायला लागले की आधीच्या पिढीचा माल संपवायची घाई सुरू होते. मागच्या पिढीचं वरचं मॉडेल नव्या पिढीच्या खालच्या मॉडेलपेक्षा बहुतेक वेळा जास्त कामाचं असतं. सेलच्या गर्दीपेक्षा हा काळ निवांत, कोडही टिकतात.

रिफर्बिश्ड, म्हणजे परत आलेलं किंवा वापरलेलं मशीन तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकलेलं, घ्यायची तयारी असेल तर तिथे कूपनची मजा वेगळीच. बनवणाऱ्या कंपनीनेच तपासून विकलेलं असेल तर वॉरंटीही असते, ॲपल आपल्या रिफर्बिश्ड मशीनला एक वर्षाची देतं. डेल, लेनोवो यांची आउटलेट पानं आहेत, तिथला माल रोज बदलतो आणि मधूनच त्यावरही कोड निघतात. एक धोका मात्र मोठा आहे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे ऑफिसातून निघालेले लॅपटॉप भरघोस कूपन लावून खपवले जातायत. लिनक्स टाकणार असाल तर खुशाल घ्या, चांगली मशिनं आहेत. आईबाबांना विंडोजवर द्यायचं असेल तर नको. नव्या मशीनमध्येसुद्धा ऑपरेटिंग सिस्टिमच्या जागी 'डॉस' किंवा 'फ्रीडॉस' लिहिलंय का बघा, म्हणजे त्यात विंडोज नसतंच, तो स्वस्तपणा विंडोजच्या लायसन्सचा असतो.

फसवणुकीचं थोडक्यात. ऐंशी टक्क्यांचं कूपन, मेसेजमधून आलेली लिंक, घड्याळ उलटं पळतंय आणि नाव कधी न ऐकलेलं दुकान, असं दिसलं की पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. ॲड्रेसच्या बाजूला कुलूप आहे म्हणजे साइट खरी, हा समज सोडा, कुलूप फक्त एवढंच सांगतं की मधल्या वाटेत कोणी वाचत नाही, पलीकडे चोर बसला असेल तर चोराशी सुरक्षित बोलणं होतं. लोक असंच चुकीचं समजतात म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते कुलपाचं चिन्ह काढूनच टाकलं. 'कूपन जनरेटर', सर्व्हे भरा मग कोड, फाइल डाउनलोड करा मग कोड, यातून कोड कधीच येत नाही. पैसे गिफ्ट कार्डाने किंवा थेट ट्रान्सफरनेच द्या म्हणत असतील तर तिथूनच मागे फिरा, बँकेच्या कार्डाने दिलेले पैसे निदान बँकेकडे तक्रार करून परत मागता येतात.

ऑर्डर करायच्या आधी परतीची पॉलिसी एकदा वाचा. वस्तू परत केली तर कूपन लावून जेवढे दिलेत तेवढेच परत येतात, एकदाच चालणारा कोड गेला तो गेला, आणि फुकट आलेली बॅग ठेवलीत तर तिची किंमत कापतात. काही जण उघडलेल्या बॉक्सवर वेगळी फीही लावतात.

चेकआउटच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, कोड, सूट आणि शेवटचा आकडा दिसेल असा. मॉडेल नंबर, भाव आणि वॉरंटी लिहिलेलं प्रॉडक्टचं पानही पीडीएफ करून ठेवा. ऑर्डरनंतर परतीची मुदत संपेपर्यंत अधूनमधून भाव बघत राहा. उतरला तर चॅटवर फरक मागायचा, काही दुकानं देतात, नाही दिला आणि परत पाठवणं फुकट असेल तर नवीन ऑर्डर टाकून जुनी परत करता येते. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपला असाच नवव्या दिवशी फरक मिळाला, कोडने वाचले होते त्याच्या दुप्पट, आणि त्यासाठी फक्त एक स्क्रीनशॉट पाठवावा लागला.

आणि बॉक्स आला की लगेच सील फोडू नका. बाहेरच्या लेबलवरचा मॉडेल नंबर तुमच्या पीडीएफशी जुळवा, सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कुठल्या तारखेपासून कुठल्या देशात दाखवतायत ते बघा, मग फोनवर व्हिडिओ चालू करून उघडा.